गावपळणीच्या दिवशीची पाहणी

बसा, पण त्या खांबाकडे बसा, दारात बसू नुको. आता शेजारचो भिको बैलगाडी घेवन येतलो आणि सगळां सामान ह्याच दारातसून जातलां. आज सांजेक देवळात ढोल वाजलो की आमी गाव सोडतलों, तोवर काय विचारूचां तां विचारा. लिवतास? लिवा तर. माका लिवणाऱ्या माणसांचो आता धाक नाय रवलो, मी खूप लिवणारे बगलंय, तेंची गजाल पण येतली फुडे, पण पयली माझी आयका.

माझां नाव अनसूया. म्हायार माझां आंबोली घाटाच्या पायथ्याक. थंय पाऊस असो की चार म्हयने भिंतीक हात लावलो तर हात ओलो. बापूस नाचणी पिकवी, आमी पाच चेडवां, मी चौथी. चवदा वर्सांची होतंय तेवा लगीन होवन ह्या दर्याकडच्या गावात इलंय. दर्या मी तेच्याआधी बगूक नव्हतंय, माका वाटलां एवढां पाणी असां मोकळां कोणी सोडलां. घोवाक विचारलंय तर तो हसाक लागलो, आणि त्याच रात्री ती गोष्ट शेवंतीक सांगल्यान, आणि शेवंतीन गावभर केल्यान. दोन वर्सां गावातल्यो बायको माका विचारीत होत्यो, काय गो अनशे, पाणी बांदलां काय कोणी.

शेवंती म्हणजे माझी नणंद. घोवापेक्षा मोठी. सोळाव्या वर्सा विधवा होवन म्हायारी परत इलली. घरात सासू नाय, सासरो नाय, चाव्यो शेवंतीच्या कमरेक. काय सांगू तुमका, असली कडक बाई मी दुसरी बगूक नाय. पेजेत मीठ जास्त पडलां तर भांडां दाराफुडच्या खळ्यात. पयलां वर्स मी तिका घाबरान रडलंय, दुसऱ्या वर्सा मी पण तोंड चलवूक शिकलंय, आणि तेवापासून आमची जमली. दिवसभर भांडूचां, सांजेक एका ताटात जेवचां. माका पोर झालां नाय, लोक कुजबुजूक लागले, तेवा ती एक एक दारात जावन सांगान इली की माझ्या भावजयीक काय बोलूचां आसलां तर आधी माझ्याशी बोला. तिच्याशी कोण बोलतलो? तेवढो धीर आमच्या गावात कोणाचो नाय. माका तिना कधी चांगलां म्हटल्यान नाय तां पण लिवा, म्हणजे मी वाढवून सांगतंय असां वाटाचां नाय.

घो माझो तापान गेलो, दोनच दिवसांत. मगे घरात आमी दोघी. शेती शेवंती बगी, मी काजूच्या फॅक्टरीत जावक लागलंय, काजी फोडूच्या कामाक. हे हात बगा. काजीच्या तेलान काळे झाले ते काळेच, राख लावा, खोबरेल लावा, जायत नाय. बोटांच्या रेषा पण खावन टाकल्यान तेलान. ह्या हातांचो पण कचेरीत विषय झालो, सांगतंय.

सा वर्सां झाली असतली. सकाळची शेवंती चुलीपाशी बसलली, माका म्हणाली, अनशे, चाय, आणि तां बोलणां अर्धां रवलां तां रवलांच. अंगावरसून वारो गेलो. उजवी बाजू सगळी मेली, तोंड वाकडां झालां, वाचा गेली. डॉक्टर म्हणालो, आता ही अशीच रवतली, करणारां माणूस कायम जवळ व्हया. दोन शब्द तेवढे रवले तिच्याकडे, एक चाय आणि दुसरो मेल्या. गाळी घालूची सवय एवढी जुनी की ती वाऱ्याक पण न्हेवक जमली नाय. आता भूक लागली तरी चाय, कूस बदलूची झाली तरी चाय, उन्हां तोंडार इली तरी चाय, आणि राग इलो की मेल्या. दोन शब्दांत तिचां सगळां चलता. माका समजता.

कसां केलंय म्हणान विचारतास? तेच्यात सांगूसारखां काय नाय. सकाळी तिका पुसूची, अंथरूण बदलूचां, पेज भरवूची, अर्धी आत जाता अर्धी गालावरसून खाली येता, आणि आठ वाजता दार ओढून घेवन फॅक्टरीत. डाव्या हाताकडे पाण्याचो तांब्यो ठेवचो. पाच वाजता परत. आठ ते पाच ती एकटी. भिक्याची बायल, ती आमची शेजारीण, मधी एकदा येवन बगी, पण तिका पण तिचो संसार आसा. मी फॅक्टरीत काजी फोडी आणि मन हंय दाराकडे. दोनदा तर बोट ठेचून घेतलंय.

आणि एक दिस परत इलंय तर शेवंती खाटेवरसून खाली पडलली. कधी पडलली देव जाणा. मी सकाळी घायघायत तिचां तोंड नीट पुसूक नव्हतंय, आणि दार ओढलां तां नीट लागूक नव्हतां. कोंबड्यो आत शिरल्यो, आणि तिच्या गालार सुकलली पेज टोचून खात होत्यो. ती डावो हात हलवून हाकलूक बगी, पण अंगाखाली हात अडाकललो, पोचत नाय. गालार रगत. माका बगल्यान आणि मेल्या म्हणाली नाय, चाय म्हणाली नाय, नुसती बगत रवली. माझ्या हातसून ती चूक झाली, तां मी कोणाकडे लपवीत नाय. त्या दिसा मी ठरवलंय, ही बाई दिवसाची एकटी रवता नये. माका सरकाराकडसून दुसरां काय नको होतां, एवढांच.

निराधारांची योजना तेवा नवीन निघालली. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी माका सांगल्यानी की अंथरुणाक खिळलल्या माणसाक सरकार म्हयन्याक कायतरी देता, आणि ती सही करू शकत नाय तर तिचां करता तेच्या हातात देता. माझां गणित सोपां होतां. थोडां मिळालां तरी आमी दोघी पेजेर रवतलों, फॅक्टरी सोडतलंय, आणि हिच्याकडे बसतलंय. गुरुजींनी झकास अक्षरात अर्ज लिवल्यानी. मी तो पदराखाली धरून कचेरीत न्हेलंय, पावसान भिजा नये म्हणान. माका काय ठावक, थंय गेल्यावर तो सुको रवान कुजतलो.

कचेरीतले लोक आमचेच, घरी माका तुका करणारे, पण खुर्चीत बसले की पुस्तकातलां बोलतत. पयलो प्रश्न, रुग्ण तुमची कोण? मी म्हटलंय नणंद. नणंद म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. मी म्हटलंय, सायबानू, रक्ताचां नाय, पेजेचां आसा. तेना वर पण बगल्यान नाय. तिच्या रक्ताचं जे कोणी असेल त्यांना अर्ज करू द्या. रक्ताचो तिचो भाव, माझो घो, तो मेललो. मग तसा दाखला आणा. आणलंय. मगे म्हणाले, तुम्ही दोघी एका रेशनकार्डावर आहात, म्हणजे ती कुटुंबात आहे, म्हणजे निराधार नाही. बरां म्हटलंय, कार्डां वेगळी केलंय. वेगळी केल्यार म्हणाले, आता तुम्ही तिच्या कुटुंबातल्याच नाही, मग देखभाल करणाऱ्या तुम्ही कोण? मी खरां सांगतंय, हसून सांगतंय असां समजू नुको. ह्याच्यासाठी सरकार तेंका पंख्याखाली बसवता.

मगे अंगठो. मी सही करूक शिकूक नाय. तेंनी शाईत बुडवून माझो अंगठो कागदार टेकवल्यानी, तर नुसतो काळो डाग. रेषाच नाहीत, म्हणे, हा अंगठा चालणार नाही. मी म्हटलंय, काजीच्या तेलान गेल्यो रेषा, पंधरा वर्सां फोडतंय. म्हणालो, तसं डॉक्टरांचं पत्र आणा. म्हणजे अंगठो माझो आसा ह्यां सांगूक डॉक्टर व्हयो. मगे शेवंतीचो फोटो व्हयो. फोटोवाल्याक घरी आणलंय, तिका भिंतीक टेकवून बसवलंय, चांगलां लुगडां नेसवलंय. कचेरीत म्हणाले, यात त्या आजारी दिसत नाहीत. दुसऱ्यांदा निजलली काडलंय, तर म्हणाले डोळे मिटलेले आहेत, हयात आहेत हे कसं कळणार? मगे म्हणाले जिल्हो नवीन झालो तेवा आधीचे कागद जुन्या जिल्ह्याकडे रवले, तिकडून मागवले आहेत. मागवले ते इले काय गेले काय, कोणाक ठावक. दर खेपेक माझो एक दिस बुडा, आणि माझो दिस बुडलो म्हणजे कामावर मुकादम बोला, आणि शेवंती घरात एकटी ती एकटीच. तिच्याकडे माणूस व्हया म्हणान मी तिका एकटी टाकून कचेरीत जाय. तां तेंका कधी सांगूक गेलंय नाय, तेंच्या कागदात तेका जागा नव्हती.

दोन वर्सां अशी गेली तेवा म्हणाले आता फक्त पाहणी राहिली. सर्कल साहेब घरी येऊन रुग्ण बघतील. मी विचारलंय, कधी? कधीही येतील, घरी थांबा. मी आठ दिस फॅक्टरीत गेलंय नाय. शेणान खळां सारवलंय, शेवंतीक रोज न्हाऊ घालून धुतललां लुगडां. कोण इलो नाय. मुकादमान माझी जागा दुसरीक दिल्यान, ती परत मिळवूक माका तेच्या बायलेकडे आठवडोभर भांडी घासूची लागली.

तो सर्कल, तलाठ्यांवरचो सायब, मी कचेरीत बगललंय. घाटावरसून बदली होवन इललो, गुळगुळीत माणूस, पायात पांढरे बूट. माका तेवाच कळूक व्हया होतां. आमच्या गावाची वाट तांबड्या मातीची, हंय एकदा पाय टाकलल्या माणसाचे बूट पांढरे रवत नाय.

आणि त्याच थंडीत गावपळण इली. तुमी शहरातले, तुमका सांगूक व्हया. आमच्या गावात तीन वर्सांनी ग्रामदेव कौल देता, आणि कौल झालो की सगळो गाव तीन दिस तीन रात्री शिवेभायर. माणसां, गुरां, कुत्रे, कोंबड्यो, मांजरां, पाळण्यातलां पोर आणि मरणाक टेकललो म्हातारो, सगळी. मागे एक जीव रवता नये. तीन दिस गाव देवाचो, तो आणि तेचे गण थंय फिरतत असां आमी मानतों. चूल विझवूची, दाराक कडी घालूची, आणि ढोल वाजलो की मागे बगूचां नाय. शिवेपलीकडे माडाच्या चुडतांच्यो खोपी बांदतत, थंय रवूचां, थंय जेवचां, आणि तीन दिसांनी देवान परत कौल दिल्यान की घरी.

आता शेवंतीक कशी न्हेवची? भिक्यान आपली गाडी आणल्यान, चार जणांनी तिका गोधडीसकट उचलल्यानी आणि गाडीत घातल्यानी, मी उशाक. तीन वर्सांनी ती बाई घराच्या भायर पडली. शिवेपर्यंत ती आभाळाकडे बगत होती, आणि मी म्हटलंय, काय गो, चाय व्हयी? तर मान हलवल्यान, नको म्हणान.

ते तीन दिस मी मरेपर्यंत इसराचंय नाय. आमची खोप मधीच बांदलली, आंब्याखाली. खोपीक दार नसता, तेवा ओढून घेवचां काय नाय. एक बाई उठली की दुसरी येवन बसा, कोण तिचे पाय चेपता, कोण तिच्या केसांतसून फणी फिरवता, कोण गावातल्यो जुन्यो भानगडी काडता आणि शेवंती वाकड्या तोंडान हसता. चाय म्हटल्यान तर चार खोपींतसून चार कप. भिको तिच्या फुडे मुद्दाम तंबाखू मळी, तिका आवडत नसा म्हणान, आणि ती तेका मेल्या म्हणी आणि सगळे हसत. मी ओहोळार जावन तास तास बसलंय, घाई नाय, दाराकडे मन नाय. तिसऱ्या दिसा देवान परतीचो कौल दिल्यान नाय, अजून एक दिस थांबा म्हणान. बाकीचे वैतागले, कोणाची भातां रवलली, कोणाची शाळा. आमी दोघीच खूश. मी मनात म्हटलंय, देवा, तुझ्या गणांका अजून वायच फिरू दे.

मगे परत घर, परत आठ ते पाच. शिमग्याच्या सुमाराक पोस्टमनान लखोटो आणल्यान. मी तो घेवन शाळेत गेलंय. गुरुजींनी वाचल्यानी आणि चष्मो काडून पुसल्यानी, मगे परत वाचल्यानी. वरील दिनांकास समक्ष घरी जाऊन पाहणी केली. सदर स्त्री विहिरीवर पाणी काढताना आढळून आली. शेजाऱ्यांकडे चौकशी केली असता ती धडधाकट असून शेतीची कामे करते असे समजले. सबब अर्ज नामंजूर. खाली पंचांच्या सह्या, आणि पयलो पंच कोण, तर आमचो भिको.

मी खालीच बसलंय. दोन वर्सां, किती खेपा, आणि शेवंती विहिरीर पाणी काडता. माझ्या डोळ्यांत पाणी इलां तां मी पुसलंय पण नाय. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, अनशे, रडू नुको, ही तारीख बग. तारीख होती गावपळणीच्या दुसऱ्या दिसाची.

आमी तिघां गेलों, मी, गुरुजी आणि भिको. सरळ मामलेदार सायबाच्या खोलीत. तो कोकणातलो, तेका गावपळण ठावक. तेना सर्कलाक बोलवून घेतल्यान. इलो, पांढरे बूट. मी तेका शांतपणी विचारलंय, सायबानू, त्या दिवशी तुमी खरोखर आमच्या घराकडे इल्लास? म्हणालो, बाई, सरकारी कागद आहे, आलो म्हणजे आलो. विहिरीर बाई बगलास? पाहिली. कशी होती? चांगली सुदृढ होती, हिरवी साडी नेसली होती. रंग पण सांगल्यान बगा, कोणी विचारूक नसताना. शेजाऱ्यांशी बोललास? सविस्तर बोललो.

मगे मी सांगलंय. सायबानू, त्या दिसा आमच्या गावात माणूस नव्हतां. गोरू नव्हतां, कुत्रां नव्हतां. माझी नणंद शिवेभायर खोपीत निजलली आणि ह्यो तुमचो पंच भिको तिच्या पायथ्याक बसान तंबाखू मळी होतो. तीन दिस गाव देवाच्या हवाली. त्या दिसांत विहिरीर जी बाई दिसता ती माणसांतली नसता. तुमी कोणाशी बोललास सविस्तर, तां तुमी बगा.

शिपाय चायचे कप घेवन दारात उभो होतो, आमच्याच बाजूचो माणूस. तो दोन पावलां मागे सरलो. मामलेदाराचो कप टेबलार ठेवल्यान, गुरुजींका दिल्यान, आणि सर्कलाचो कप नेवन पार खिडकीत ठेवल्यान.

आता तेच्याकडे दोनच वाटा. इलंय नाय म्हणान सांगूचां, नायतर भूत बगलंय म्हणान सांगूचां. तुमका काय वाटता, तेना काय केल्यान? म्हणालो, असेल बुवा, मी बाहेरचा माणूस, मला तुमच्याकडलं काय ठाऊक, पण दिसली हे खरं. नोकरी वाचवूक तेना भूत पत्करल्यान. आमचो मुकादम पण वजनात खोटां बोलता, पण धरल्यार खाली तरी बगता. ह्यो वर बगान भुताची साक्ष काडी होतो. भिक्यान आपलो अंगठो वर केल्यान आणि म्हणालो, माका सही करूक कोणी शिकवल्यान तेका माका भेटूचां आसा, पाया पडतंय तेच्या. मामलेदार म्हणालो, ते आपण नंतर पाहू, आधी फेरचौकशीचा आदेश देतो. तां नंतर अजून येवचां आसा.

फुडची गजाल आयका. कचेरीतले शिपाय आमच्याच बाजूचे, ते सर्कलाच्या हातचां पाणी पिणां सोडूक लागले. तेच्या जवळ कोण बसा नाय. कोण विचारी, साहेब, पाय उलटे होते काय हो तिचे? ह्यो आधी हसा, मगे हसणां बंद झालां, मगे तेका रात्रीची झोप लागा नाय. आणि एक दिस भिक्यान बगल्यान, आमच्या गावाच्या शिवेर जीप उभी, आणि सर्कल खाली उतरान नारळ ठेवता, हात जोडून. आपणच लिवललां भूत, आणि तेकाच नारळ. शेवंतीच्या पाहणीक इलो नाय, भुताच्या नारळाक इलो. आणि थंयसून आमचां घर धा मिनिटांची वाट. तेवढी पण चललो नाय. जीप फिरवल्यान आणि गेलो. मगे तेची बदली झाली, बऱ्या ठिकाणी झाली म्हणतत.

फेरचौकशीक वर्स लागलां. नवीन माणूस इलो, खरोखर इलो, तेचो मान मी ठेवतंय. दारातच उभो रवलो, वास येता म्हणान रुमाल नाकाक. शेवंतीन तेका वरसून खालपर्यंत बगल्यान आणि स्वच्छ म्हटल्यान, मेल्या. तेना लगेच कागद काडल्यान आणि लिवल्यान, रुग्णास बोलता येते. झालां. वाचा आसा म्हणान परत डॉक्टरचो दाखलो. मी तो पण दिलंय. आता फाईल वर गेली म्हणतत, वर कमिटी आसा, आणि कमिटीर माणसां नेमूक नाय म्हणान कमिटी बसाक नाय. ती बसतली तेवा बसतली. कमिटी खंय बसता तां पण आता मी विचारीत नाय. मी अजून फॅक्टरीत जातंय, आठ ते पाच. जातना दार नीट लावतंय, आणि तिचां तोंड दोनदा पुसतंय.

गुरुजी काल म्हणाले, अनसूये, त्या पाहणीक दोन वर्सां होत इली, पाहणीवाले परत येवक शकतत, ह्या खेपेक तू एक अर्ज देवन ठेव की गावपळणीत घर बंद आसतलां. मी म्हटलंय, गुरुजी, देवाक सरकारची परवानगी मी काडूक बसतलंय काय? येवंदे तेंका. येवन विहिरीर बसंदे. पाच वर्सांत मी सरकाराकडे एकच गोष्ट मागलंय, हिच्याकडे दिवसाचां माणूस व्हयां. सरकारान एक दिस दिल्यान नाय. देवान मागच्या खेपेक चार दिल्यान, आणि आज सांजेक परत देता, कागद न मागता.

माझो राग नाय कोणार. लिवा, तसांच लिवा. त्या सर्कलाक देव बरो ठेवो, तेचो पगार वाढो, तेका जन्म देणारी आवस शंभर वर्सां जगो, आणि ती अंथरुणाक लागली की तिची पाहणी करूक तेच्यासारखोच सर्कल तेका मिळो. ही गाळ नाय हा, आशीर्वाद आसा. गाळी घालूचां काम आमच्या घरात शेवंतीकडे.

आयकलास? चाय म्हणता. चाय नको तिका, आताच दिलंय, गाडी वाजली तां आयकल्यान तिना. भिको इलो. झालां तुमचां लिवान? किती पानां भरलास. माझ्या नणंदेवर सगळ्यांनी मिळान एवढे कागद लिवल्यानी, पण तिका हात लावूक एक पण इलो नाय. तुमी चांगले दिसतास. ठेवा ती वही त्या कट्ट्यार, तिका काय होणां नाय, गावात आता कोण नाय चोरूक. उठा, आणि पायाकडची बाजू धरा. हळू. गोधडी घट्ट धरा, तिच्या अंगाक नको.